वर्ग मुलांना आखू द्यायचा असेल तर: पहिल्यांदाच करणाऱ्या शिक्षकांसाठी

जूनमधली शिक्षकांची पहिली शिक्षण परिषद असली की कुणीतरी मोबाइल पुढे करतंच. "बघा, अमक्या शाळेनं वर्ग किती सुंदर केलाय." फोटोत भिंतभर छोटा भीम, खिडकीशेजारी मोर, दारावर 'सुस्वागतम', फरशीवर बाराखडीचे गोल. रंग झकास. पेंटर तालुक्याचा, पैसे लोकवर्गणीचे. मुलं फोटोत नसतात, असली तर रांगेत बसलेली असतात. वर्षभरानं ती चित्रं मुलांना दिसेनाशी होतात, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर आपल्याला दिसत नाही तशी.

इथं सांगतेय ते काम वेगळं आहे. मुलांनी एकत्र बसून आपला वर्ग आखायचा, मापं घ्यायची, भांडायचं आणि त्यातलं जमेल तेवढं स्वतःच्या हातानं करायचं. भोर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी हे तीनदा केलं. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा अर्धवट राहिलं, तिसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. पहिली ते चौथी, पट सव्वीस, खोल्या दोन. त्यातली एक आम्ही आखायला घेतली.

पहिल्यांदा का फसलं ते आधी सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. मी मुलांना चित्रं काढायला लावली, त्यातली 'चांगली' निवडली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःच भिंतीवर मोठी करून रंगवली. जूनमध्ये मुलं आली, बघितली, "बाईंनी छान काढलंय" म्हणाली आणि खेळायला गेली. चित्र त्यांचं होतं, पण भिंत माझी झाली होती.

वेळ कधीची धरायची

आमच्याकडे पावसाळ्यात भिंती ओल धरतात, ऑक्टोबरशिवाय सुकत नाहीत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बघणं आणि मोजणं, सप्टेंबरात नकाशे आणि भांडणं, दिवाळीची सुट्टी संपली की रंग आणि सुतारकाम, असा क्रम लावा. मराठवाड्यात किंवा विदर्भात पाऊस कमी असेल तर अलीकडे घेता येईल. आठवड्याला दोन-तीन तास पुरतात. गणित, परिसर अभ्यास आणि कार्यानुभव यांच्याच तासिका यात वापरा. वेगळा 'उपक्रम' म्हणून काढलात तर तो पहिल्याच तपासणीच्या आठवड्यात बुडतो.

आधी पंधरा दिवस नुसतं बघा

हे सगळ्यात अवघड, कारण आपले हात शिवशिवत असतात. मधल्या सुट्टीत, खिचडीनंतर, पाऊस पडत असताना मुलं कुठे जाऊन बसतात ते वहीत टिपा. आमच्या वर्गात कपाट आणि भिंत यांच्यामध्ये दीड फुटाची फट होती. दोन मुली रोज तिथं घुसून बसायच्या. मी तीन वर्षं त्यांना तिथून उठवत होते. टिपायला लागले तेव्हा लक्षात आलं, की अख्ख्या खोलीत सव्वीस जणांसमोर नसलेली तेवढी एकच जागा होती.

आणखी बघायचं ते हे: सकाळी अकराला ऊन कुठवर येतं, फळा कुठून चकाकतो, पंख्याखाली कोण बसतं, चपला कुठे साचतात, कुठल्या भिंतीचे पापुद्रे निघतात. एक कोपरा असा असतोच की जिथं कुणी बसत नाही. का बसत नाही ते मुलांना विचारा. आमच्याकडे उत्तर आलं, "तिथं वर पाल असते."

मापं मुलांनीच घ्यायची

टेप लगेच देऊ नका. पहिली-दुसरीला पावलांनी आणि वितींनी मोजू द्या, तिसरी-चौथीला सुतळी द्या, टेप शेवटी. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येतं आणि तिथंच खरा धडा सुरू होतो. आमची खोली वीस फूट बाय अठरा फूट. एका गटाची लांबी साडेएकोणीस फूट भरली, कारण सुतळी ताणली की ढिली सोडली यावर एकमत नव्हतं. चौथीच्या पोरांनी खोलीचे दोन्ही कर्ण मोजले तेव्हा चार बोटांचा फरक निघाला. खोली काटकोनात नाही हे बांधणाऱ्या ठेकेदारानंतर बहुधा त्यांनाच पहिल्यांदा कळलं.

मग नकाशा. पूर्ण आकाराचं कार्डशीट बावीस इंच बाय अठ्ठावीस इंच असतं. एक फुटाला एक इंच धरला की वीस बाय अठराची खोली त्यावर आरामात बसते आणि पोरांना गुणाकार-भागाकाराची कटकट राहत नाही. दार, खिडक्या, फळा, विजेची बटणं नकाशावर घ्या. कपाट, टेबल, तांदळाची पोती, पाण्याची टाकी यांचे तुकडे त्याच मापानं पुठ्ठ्यातून कापा, म्हणजे सरकवता येतात. कपाटाचा तुकडा आधी नव्वद टक्के वेळा जिथल्या तिथेच ठेवला जातो. "हे कपाट इथंच का?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं.

'वर्ग कसा हवा?' असं विचारू नका

असं विचारलंत की उत्तर येतं, "स्वच्छ, सुंदर आणि नीटनेटका." ते फलकावर वाचलेलं असतं. मुलं आपल्याला हवं ते उत्तर देण्यात पटाईत असतात, कारण तेच तर आपण शिकवलेलं असतं.

जे प्रश्न माझ्या उपयोगी पडले ते असे. लपायचं झालं तर या खोलीत कुठे लपशील? पाऊस जोरात असताना कुठे बसावंसं वाटतं? रागावल्यावर? गावातली कुठली जागा उचलून इथं आणता आली तर आणशील? इथं बसून काय ऐकू येतं?

यानंतर 'अशक्य यादी' करा. फळ्यावर जे सुचेल ते लिहायचं, हसायचं नाही, खोडायचं नाही. आमच्या यादीत नदी, विहीर, म्हैस, छतावर जायची शिडी, एसटी, आंब्याचं झाड आणि एक भूत होतं. बरेच शिक्षक इथवर येतात, खूप हसतात आणि मग 'शक्य' गोष्टींकडे वळतात. तसं करू नका. यादीतल्या एकेका गोष्टीपाशी थांबून विचारा: यातलं नेमकं काय हवंय?

म्हैस मागणारा मुलगा दुसरीत होता. वर्गात म्हैस कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "टेकायला." घरी गोठ्यात तो बसलेल्या म्हशीला टेकून बसायचा. ऊबदार आणि मोठं असं काहीतरी त्याला पाठीशी हवं होतं. दोन महिन्यांनी त्याच्या आजीनं आणि आणखी दोघींनी काळ्या कापडाची चार फूट लांब लोडासारखी उशी शिवली, आत चिंध्या भरल्या, सुतळीची शेपटी लावली. वर्गातली सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू म्हणजे ही म्हैस. तिला टेकून एकावेळी चौघं वाचतात.

विहीर मागणारीला पाणी नको होतं, आत ओरडल्यावर येणारा आवाज हवा होता. कुणाच्या तरी परसात तडा गेलेला रांजण पडला होता, तो आणून कोपऱ्यात विटांवर पक्का बसवला. ज्याला राग आलाय त्यानं रांजणात तोंड घालून ओरडायचं. पहिला आठवडा कानठळ्या बसल्या, मग त्याचं अप्रूप ओसरलं. आता दिवसातून एखादाच आवाज येतो आणि तो खरा असतो.

नदीचं उत्तर असं निघालं की त्यांना पाणी नको, धोंड्यांवरून उड्या मारत ओलांडायचंय. भुतावर एकमत झालं नाही.

गट आणि चिंचोके

गट इयत्तेप्रमाणे करू नका. चार-पाच जणांच्या गटात पहिलीपासून चौथीपर्यंत सगळे हवेत. लिहिणारा, मोजणारा, सामान आणणारा आणि बाकीच्यांना सांगणारा अशी कामं दर आठवड्याला फिरवा. फिरवली नाहीत तर चौथीतली हुशार मुलगी महिनाभर लिहीत राहते आणि पहिलीतलं पोर महिनाभर कात्री धरून उभं राहतं. जे बोलत नाहीत त्यांच्या हातात माती द्या. आमच्याकडची घरी कातकरी बोलणारी दोन मुलं गटात तोंड उघडत नव्हती. मातीचा वर्ग करायला दिला तेव्हा सगळ्यात बारीक काम त्यांचं होतं, आणि त्यांच्या वर्गाला दोन दारं होती.

निवड करायला हात वर करायला लावू नका. मित्राकडे बघून हात वर होतात. प्रत्येकाला तीन चिंचोके द्या, प्रत्येक कल्पनेपुढे एक वाटी ठेवा. तिन्ही एकाच वाटीत टाकले तरी चालतील. वाट्या खोलीबाहेर ठेवून एकेकाला पाठवलंत तर उत्तम.

यातही एक खोट आहे, ती मला उशिरा कळली. पहिलीच्या सात जणांना झोपायला जागा हवी होती. सकाळी लवकर उठून डोंगरावरच्या वस्तीतून चालत येणारी पोरं ती, दोनला पेंगतात. मतांत ती जागा सपाटून हरली, कारण मोठ्यांना झोप येत नाही. तेव्हापासून आमचा नियम असा: एक कोपरा पहिलीचा, त्यावर चिंचोके पडत नाहीत. तिथं गोधड्या आहेत. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ते रुचलं नाही, पण मुलांनीच त्यांना कारण सांगितलं आणि ते गप्प झाले.

मैदानावर खडूनं खरा वर्ग आखा

एकच पायरी नीट करणार असाल तर ही करा. चपलेच्या खोक्यातलं मॉडेल गोड दिसतं, पण खोक्यात कुणाला चालावं लागत नाही. पाऊस उघडला की मैदानावर चुन्यानं किंवा व्हरांड्यात खडूनं खोली पूर्ण मापात आखा, वीस बाय अठरा. दार कुठल्या बाजूला उघडतं तेही आखा. कपाटाच्या जागी दोन मुलं उभी करा, टेबलाच्या जागी पाटीचे ढीग. मग सगळ्यांनी 'आत' यायचं, चपला काढायच्या, बसायचं, फळ्याकडे बघायचं, खिचडीच्या घंटेला एकदम उठायचं.

दहा मिनिटांत सगळं बाहेर पडतं. आमचा वाचनकोपरा दाराच्या मागे आखला होता आणि दार आत उघडतं. म्हशीला टेकलेल्याच्या डोक्यात ते बसलं असतं. कपाटाच्या फटीतल्या त्या दोन मुलींनी मागितलेल्या गुहेचं तोंड इतकं लहान होतं की पायाला कॅलिपर असलेली आमची तिसरीतली मुलगी आत जाऊ शकली नाही. ती बाहेर उभी राहिली, काही बोलली नाही. बोललं दुसरंच कुणीतरी. तोंड रुंद केलं. नदीच्या धोंड्यांमधलं अंतरही मग तिच्या पावलानं ठरलं. बाकीचे म्हणाले, "एवढं जवळ? मग उडी कशी मारायची?" त्यावर तिनंच तोड काढली: ज्याला उडी हवी त्यानं एक धोंडा सोडून जायचं. दोन-दोनचे, तीन-तीनचे टप्पे आम्हाला त्यातूनच फुकटात मिळाले.

ठराव आणि पैसे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. तिच्या बैठकीत ठराव घ्या आणि नकाशा ठरावाला जोडा. बैठकीत नकाशा मुलांनी समजावून सांगावा. तुम्ही सांगितलात तर मान डोलावून चहा होतो, मुलांनी सांगितला की आई-बाप प्रश्न विचारतात. आमच्या बैठकीतल्या एका बाईंनी 'गुहेत विंचू निघाला तर?' असं विचारलं आणि पुढे गुहेतली बसायची जागा खरंच जमिनीपासून वर उचलावी लागली. ठराव नसताना केलेल्या कामाचं काय होतं तेही मी पाहिलंय. दुसऱ्या एका शाळेत मुलांनी महिनाभर रंगवलेली भिंत सुट्टीत कुणीतरी सरसकट डिस्टेंपर मारून झाकून टाकली. कुणी सांगितलं, कुणाला ठाऊक नव्हतं.

समग्र शिक्षा अभियानातून पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान येतं: तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, एकतीस ते शंभरला २५,०००. पण त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता असते, म्हणून वर्गासाठी दोन-तीन हजारांपलीकडे धरू नका. आमचं सगळं तीन हजारांच्या आत झालं, त्यातला निम्मा खर्च रंग आणि प्रायमरचा. बांबू, पोती, साड्या, रांजण, गोधड्या गावातूनच आल्या. वर्गणी मागू नका, वस्तू मागा. वस्तू देणारा माणूस ती कुठे लावली ते बघायला येतो.

साधं सामान कमी प्रतीचं असतं, हा समज डोक्यातून काढून टाका. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. तिथं मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून खडे, बिया, शंख, पानं यांवरच बालवाडी उभी राहिली. आपल्याकडच्या चिंचोक्यांचं घराणं तेच.

भिंतीला हात लावण्याआधी

ओल असेल तर तिथं रंग लावूच नका. पापुद्र्यावर लावलेला रंग एका पावसाळ्यात पापुद्र्यासकट येतो. छतावरची फुटकी कौलं किंवा पत्र्याची गळती आधी बघा. पापुद्रे खरवडायचे, प्रायमर मारायचा, मग रंग. खरवडताना धूळ उडते तेव्हा मुलं बाहेर हवीत, जुना रंग कसला आहे ते आपल्याला माहीत नसतं. नवा डबा घेताना त्यावर शिशाचं प्रमाण वाचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं असू नये असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून देशात लागू आहे आणि तसं डब्यावर छापलेलं असतं. सुट्टा, पातळ करून विकलेला रंग घेऊ नका.

उंचीचं गणित मुलांबरोबर करा. पहिलीतलं मूल सतरंजीवर बसलं की त्याचे डोळे जमिनीपासून पावणेदोन ते दोन फुटांवर असतात, उभं राहिलं की साधारण साडेतीन. आपण तक्ते टांगतो सहा फुटांवर, म्हणजे ते टांगलेले असतात तपासणीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांसाठी. जमिनीपासून तीन फुटांचा सगळा पट्टा मुलांचा ठेवा आणि त्यातला निदान एका भिंतीएवढा भाग फळ्याच्या काळ्या किंवा हिरव्या रंगानं रंगवा. रोज पुसायचं, रोज काढायचं. एवढंच केलंत आणि बाकी काहीच जमलं नाही, तरी वर्ग बदलेल.

तीन फुटांच्या वर भिंत मोकळी आणि फिकी असू द्या. चारही भिंती भरल्या की नजरेला बसायला जागा राहत नाही. फ्लेक्स तर नकोच. फ्लेक्सवर मुलाला काही लिहिता येत नाही, खोडता येत नाही, आणि चुकलेली वेलांटी पाच वर्षं तशीच लटकते.

वारलीबद्दलही बोलते, कुणाला लागलं तर लागो. पालघरच्या बाजूच्या शाळेत वारली चित्रं असणं साहजिक आहे, ती तिथल्या घरांची कला आहे. तिथला लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठानं लिहीत आल्या आहेत आणि चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही चित्रं जगभर गेली. पण प्रत्येक जिल्ह्यातल्या शाळेच्या कुंपणावर तीच नाचणारी माणसं कशाला? आपल्या गावात बायका उंबऱ्यावर काय काढतात, बैलांच्या अंगावर पोळ्याला किंवा बेंदराला कसले ठसे उठवतात, ते मुलांना गोळा करायला सांगा. आमच्या वर्गाची किनार भेंडी आणि अर्ध्या कांद्याच्या ठशांची आहे, गेरूत बुडवलेल्या.

चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असतं. मुलांच्या कामात ते नको. लागेल तेवढीच खळ रोज ताजी शिजवा.

दाराखालचा कोनमापक

दिल्लीच्या विन्यास संस्थेचे वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी इमारतच शिकण्याचं साधन व्हावी ही कल्पना मांडली. 'बाला' (Building as Learning Aid) नावानं ती शिक्षण खात्यात पोहोचली. दाराखाली कोनमापक रंगवणं हे त्यातलंच. बऱ्याच शाळांत तो पेंटर काढून जातो आणि तो बहुधा चुकलेला असतो, कारण त्याचं केंद्र बिजागरीच्या रेषेत धरलेलं नसतं.

मुलांकडून असा करून घ्या. दार बंद करा आणि दाराच्या रेषेत खडूनं सरळ रेघ मारा, ती शून्य अंशाची. दाराच्या बिजागरीकडे नसलेल्या टोकाला खाली सुतळीनं खडू घट्ट बांधा. दार सावकाश पूर्ण उघडा, खडू फरशीवर कमान काढत जातो. आता मोठा कागदी कोनमापक बिजागरीच्या खाली केंद्र ठेवून लावा आणि तीस, पंचेचाळीस, साठ, नव्वद अंशांच्या रेघा दोरीनं कमानीपर्यंत न्या. काटकोन सुताराच्या गुण्यानं तपासा. आठ दिवस नुसत्या खडूत राहू द्या. चुका या आठवड्यात दिसतात. मग ऑइलपेंट. आमचं दार एकशे दहापाशी भिंतीला थटतं. "आपलं दार विशालकोनापर्यंत जातं," ही बातमी चौथीनं दुसऱ्या खोलीत धावत जाऊन सांगितली आणि तिथलं दार मोजलं. ते पंचाण्णवलाच थांबतं.

एसटीची भिंत

अशक्य यादीतली एसटी अशी आली. आमच्याकडे संख्यारेषा भिंतीवर होती, शून्य ते शंभर, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. भोरहून स्वारगेट पन्नासेक किलोमीटर. एका किलोमीटरला चार इंच धरले तर दोनशे इंच होतात, म्हणजे सोळा फूट आठ इंच. वीस फुटांच्या भिंतीवर बसतं. हा हिशेब चौथीनं केला, मला फक्त फळा पुसायचा होता. कापूरहोळ, नसरापूर फाटा, खेड शिवापूर, कात्रज हे थांबे कुठे येतात ते पुण्याला जाणाऱ्या पालकांनी मैलाचे दगड वाचून आणलं. दोन पालकांच्या आकड्यांत फरक पडला, मग तिसऱ्यानं कंडक्टरला विचारलं. पुठ्ठ्याची लाल एसटी दोरीवर सरकते. "कापूरहोळहून सात किलोमीटर पुढे" म्हटलं की बेरीज, "परत ये" म्हटलं की वजाबाकी. तुमच्या गावची गाडी वेगळी असेल, मार्ग तोच घ्या जो मुलांनी खिडकीतून पाहिलाय.

पण प्रत्येक कोपऱ्यात असं गणित कोंबू नका. रांजणात काही शिकायचं नाही. म्हशीवर मुळाक्षरं शिवा, असं मला एका शिक्षकमित्रानं सुचवलं होतं. मी नाही म्हटलं.

गुहा, आणि सुरक्षेचं बाकी

कपाटाच्या फटीतल्या त्या दोन मुलींच्या मागणीला सगळ्यात जास्त चिंचोके पडले. गुहा म्हणजे सात-सात फुटांचे चार बांबू, वर आडवे बांबू, त्यावर जुन्या सुती साड्या. नायलॉनच्या नकोत, ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. त्याच कारणानं थर्माकोलही वर्गात आणू नका. वायर आणि बटणांपासून निदान तीन फूट लांब. बांबूचे पाय वाळूनं भरलेल्या डब्यांत रोवा आणि वरचं टोक भिंतीतल्या हुकाला बांधा, नाहीतर मुलं टेकतात आणि सगळं खाली येतं. गुहेला दोन तोंडं हवीत आणि खालचा एक फूट उघडा हवा. एकांत पाहिजे, पण मोठ्या माणसाला आतले पाय दिसलेच पाहिजेत.

आत जमिनीवर गोणपाट टाकला होता, पहिल्याच आठवड्यात त्याखाली विंचवाचं पिल्लू निघालं. समितीतल्या बाईंचं बरोबर होतं. आता आत एक फूट उंच फळ्यांचा ओटा आहे. रोज सकाळी काठीनं खाली झाडून बघणं हे वर्गप्रतिनिधीचं नव्हे, माझं काम.

झाल्यावर

उद्घाटन करू नका. नारळ फुटला की वर्ग 'पूर्ण' होतो आणि मग त्याला हात लावायची मुलांना भीती वाटते. आमचा नियम असा की महिन्यातून एका शनिवारी अर्धा तास वर्गात काहीतरी बदलायचं. काय काढायचं ते आधी ठरवायचं, काय लावायचं ते नंतर. फाटलेली, मळलेली वस्तू कुणीही उतरवू शकतो, परवानगी लागत नाही.

भांडणं होतात. गुहेत कोण किती वेळ बसलं यावरून सर्वांत जास्त. वाळूचं घड्याळ दोन बाटल्यांचं केलं, ते चार मिनिटांचं झालं, त्यावर "चार मिनिटांत गोष्ट संपत नाही" अशी रीतसर तक्रार आली, मग मोठी बाटली आणली. चौथीच्या मुलांनी एकदा गुहा 'आमचीच' म्हणून बळकावली. मी मध्ये पडले नाही, पहिलीनं म्हैस ओढत नेऊन तोंडाशी आडवी टाकली आणि चौथीला त्या तोंडातून बाहेर येता येईना.

यंदा धोंडे झिजलेत, एसटीचं एक चाक हरवलंय, आणि गेल्या शनिवारी तिसरीनं गुहाच काढून टाकायचा विषय आणला. त्यांना तिथं मचाण हवंय. लांबी-रुंदी मोजून झाली आहे, चिंचोके येत्या शनिवारी.